मोळी जाते कुठं?

(भिवंडी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



येताना रस्त्याला लाकडांनी भरलेले ट्रक आपण सगळ्यांनी बघितले. ते लाकूड कुठल्या रानातलं असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण इथं त्याचं काय होतं, हे आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मोळी विकायची, मीठ-मिरची घ्यायची, घरी जायचं, एवढंच कळायचं.

भिवंडीत माग चालतात. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, नाहीतर ते तुटतं. त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. तिथं बॉयलर असतो, वाफ लागते, वाफेला जळण लागतं. आता १९८२ साल आठवा. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद राहिल्या, कापडाचं काम भिवंडीकडे आलं, माग वाढले आणि जळणही वाढलं. भांडण लालबाग-परळचं, आणि कुऱ्हाड आपल्या डोंगरावर! गिरणी कामगारांचा यात काही दोष नाही, तेही पोटासाठीच लढले. पण बाजाराची दोरी एवढी लांब असते.

रान गेलं की काय होतं ते आपल्या शेतावर दिसतं. ऐनाचे टाहाळ, पाला, शेण घालून आपण राब भाजतो, त्यावर भाताची रोपं करतो. ही आजची गोष्ट नाही. १८८५ साली इंग्रज सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलाच्या तक्रारींसाठी कमिशन नेमावं लागलं, त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. आज ऐनच राहिला नाही तर राब कशाचा? राब नीट भाजला नाही की रोप मरतुकडं होतं. भात कमी येतं. दाणा शिमग्याच्या आत संपतो. मग परत कोयता घेऊन रानात, परत मोळी. नाहीतर दिवाळीनंतर शेठची उचल घेऊन वीटभट्टीवर. कातकरी भावांना हे जास्त सांगायला नको. भट्टीची माती कुणाच्या तरी भातशेतातूनच निघते. वरची चांगली माती गेली की त्या शेतातही पीक उतरतं, आणि त्या घरची माणसंही पुढच्या वर्षी भट्टीवर. विटा मात्र शहरात जातात.

तानसाचं बघा. १८९२ साली धरण झालं. त्याचे पाइप आपल्या तालुक्यातून मुंबईला जातात. शहराच्या पाण्यासाठी धरणाभोवतीचं रान राखायचं, म्हणून तिथं आपल्याला लाकूड तोडू देत नाहीत. आणि बाकीचं रान शहराच्या कापडासाठी जळतं. दोन्हीकडे चोर कोण? डोक्यावर मोळी असलेली बाई!

पण आम्ही आमचीही चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाड्यावर एक ठेकेदार आला. घरात आजारपण होतं, दाणा नव्हता. बांधावरची झाडं पडेल त्या भावात दिली, कोऱ्या कागदावर अंगठे दिले. आदिवासीच्या मालकीची झाडं जंगल खात्यामार्फतच विकायची, असा १९६९ चा कायदा आहे, हे नंतर कळलं. त्या वर्षीपासून ओहोळातला डवरा लवकर आटतो. आधी होळीनंतरही पाणी असायचं. आता बाया पहाटे उठून वाटीवाटीने हंडा भरतात.

कुणी म्हणेल, मग झाडं राखा. राखू. पण एकसाली प्लॉटवर पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो झाड कुणासाठी राखेल? सातबारावर नाव आलं तर तोच माणूस ठेकेदाराला दारातून परत पाठवील. म्हणून जमिनीची मागणी आणि रानाची मागणी आम्ही वेगळी मानत नाही.

तोच ठेकेदार यंदा परत आला आहे. त्याला डवऱ्याच्या वरचे ऐन पाहिजेत. आमच्या बैठकीत नको असं ठरलं, पण चार घरं गप्प बसली. त्यांची अडचण खरी आहे. त्यांना नुसतं नको म्हणून चालणार नाही, म्हणून यंदा झोडणीला घरटी एक पायली भात बाजूला काढून ठेवलं आहे. पुरेल का, सांगता येत नाही.

तुमच्या पाड्यावरही बैठक घ्या. पाण्याच्या वरची झाडं मोजा, कुणाच्या प्लॉटात किती ते वहीत लिहा. कुणाची झाडं आधीच ठेकेदाराला गेली असतील तर लाजू नका, तेही लिहा. होळीच्या आधी वह्या घेऊन या. तहसीलदारासमोर त्या वह्या ठेवायच्या आहेत.