बदली फोन : नवा की ‘नव्यासारखा’?

वॉरंटीतला स्मार्टफोन बिघडला आणि दुरुस्त होईना, की सर्व्हिस सेंटर दुसरा फोन हातात ठेवतं. दिसायला तो चकचकीत. पण अनेकदा असतो ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे कुणाचा तरी परत आलेला, काही भाग बदलून नव्यासारखा केलेला. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत कंपनीने तशी मुभा आधीच घेऊन ठेवलेली असते.

कंपनीची बाजूही ऐकू या. दहा महिने वापरलेल्या फोनच्या बदल्यात कोरा फोन का द्यायचा? शिवाय चालू शकणारा फोन भंगारात घालणं पर्यावरणालाही परवडत नाही. मला हे पटतं. पण आठवड्यात बंद पडलेल्या फोनचं काय? पैसे तर आपण नव्याचे मोजले!

डेन्मार्कमध्ये हा वाद कोर्टात गेला. २०११ साली घेतलेल्या आयफोनच्या बदल्यात नवाच फोन हवा, हे ग्राहकाचं म्हणणं तिथल्या न्यायालयाने २०१६ साली मान्य केलं. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार सदोष वस्तूऐवजी नवी, निर्दोष वस्तू देण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

माझं म्हणणं एवढंच : बदली फोन कसा आहे ते लेखी सांगा आणि तो नाकारण्याचा हक्क ग्राहकाला द्या. आपणही बिल आणि जॉबशीट जपावी, बदली फोनची वॉरंटी कधीपर्यंत, ते लिहून घ्यावं. दाद लागलीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.