लहरींचे मोजमाप आणि काट्याची शिस्त

घरच्या रेडिओचा काटा किंचित सरकला, तर गाणे खरखरते, एवढेच. रेडिओलहरींचा उपद्रव मोजणाऱ्या ग्राहीची जुळणी ढळली, तर मात्र एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो.

ग्राहीतील आंदोलक स्वतःची लहर निर्माण करतो. आलेली लहर तीत मिसळून दोहोंच्या फरकाइतक्या कंप्रतेची मधली लहर घेतली जाते. मधली कंप्रता १०.७ मेगाहर्ट्‌झ असेल, तर १००.१ मोजताना आंदोलक ११०.८ वर हवा. पण १२१.५ चाही फरक तेवढाच! आणि ही तर विमानांची आपत्कालीन कंप्रता. म्हणून प्रवेशाचे निवडमंडल आंदोलकाबरोबर पावलोपावली सरकावे लागते. दोहोंतील व्हॅरॅक्टर डायोडवरचा उलटा विद्युत् दाब वाढविला, की त्याची धारिता घटते आणि कंप्रता चढते. उष्णतेने आंदोलक ढळू पाहतो. तेव्हा त्याची विभागलेली कंप्रता क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंप्रतेशी सतत ताडून, फरक दिसताच त्याचा दाब सुधारला जातो.

निवडमंडलाला असा पहारेकरी सहसा नसतो. त्याची जुळणी ज्ञात तीव्रतेच्या लहरीने वेळोवेळी तपासावी लागते. आणि त्या तपासणीची नोंद मागण्याचा हक्क, माझ्या मते, ज्याच्यावर ठपका येतो त्याला असावा.