विषयांची निवड आणि प्रशासकीय सेवा

दहावीचा निकाल लागला की अलिबाग-रोह्याकडील घराघरांत प्रश्न निघतो : प्रशासकीय सेवेत जायचे, तर शाखा कोणती घ्यावी? याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र अभ्यासले. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पदवी निसर्गविज्ञानाची होती, अर्थशास्त्राची नव्हे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आजही केंद्रीय लोकसेवा आयोगाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे. त्या विषयांत वाणिज्य व लेखाशास्त्र आहे, मराठी साहित्यही आहे. व्यापारी घरातील मुलाने हिशेबाची उपजत जाण बाजूस सारून केवळ प्रतिष्ठेपायी विज्ञान शाखा धरावी, यात शहाणपण ते कोणते? इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्राची पुस्तके मात्र दहावीनंतर रद्दीत घालू नयेत. सामान्य अध्ययनाचा पाया त्यांतच आहे. उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. पण नेमके व शुद्ध लिहिण्याचा सराव शाळेतच व्हावा लागतो.