सवलतीतला कुकर घ्यावा का?

निम्म्या किमतीत ‘सू व्हीद’ कुकर मिळतोय, घ्यावा का? आधी तो काय करतो, ते पाहू. सू व्हीद म्हणजे फ्रेंचमध्ये ‘निर्वातात’. फ्रान्समधल्या रोआन गावी १९७४च्या सुमारास जॉर्ज प्रालू या आचाऱ्याने ‘फ्वा ग्रा’, म्हणजे पोसलेल्या पक्ष्याचे यकृत, प्लास्टिकमध्ये बंद करून कमी तापमानावर शिजवले. त्यामुळे शिजताना त्याचे वजन फारच कमी घटले.

हे यंत्र पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवते. साठ-पासष्ट अंशांना कोंबडीचा तुकडा दीड तासात शिजतो, तरी कोरडा पडत नाही. खरपूसपणा मात्र नंतर तव्यावरच आणावा लागतो. भाज्यांना सुमारे ८५ अंश हवेत आणि डाळ तर प्रेशर कुकर १२० अंशांना झटपट शिजवतो. म्हणजे वरण-भात-भाजीच्या घरात या यंत्राला काम थोडेच.

मांस-मासे नेहमी होत असतील, तर आधी घरीच परीक्षा घ्या. आइसबॉक्समध्ये ६५ अंशांचे पाणी भरा, थर्मामीटर ठेवा, पाणी निवू लागले की गरम पाणी घाला. अंडे तासभर ठेवा. मलईसारखा बलक घरच्यांना आवडला, तर पुढचा विचार करा.

मग यंत्र २३० व्होल्टचे आहे ना, मोबाइलशिवाय चालते ना, दुरुस्ती कुठे होईल, हे विचारा. पिशव्यांचा खर्चही धरा. एक पथ्य मात्र पाळाच : कोमट पाण्यात अन्न तासन्‌तास ठेवले, तर जंतू वाढतात. उरलेले लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा.

निम्मी किंमत वाचते ती वस्तू वापरली तरच. माळ्यावर गेली, तर उरलेली निम्मीही वायाच.