गायतोंडे यांचे लहान कागद

गोपाळ देऊसकरांसारखा मोठा व्यक्तिचित्रकार आपल्या नगरचा. चित्रांची कदर असलेल्या या शहराला आज मी दुसऱ्या एका मराठी चित्रकाराची, वासुदेव गायतोंडे यांची हकिगत सांगणार आहे.

घराणं गोव्याचं, जन्म 1924 चा, नागपूरचा. गिरगावातल्या चाळीत ते वाढले आणि 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले. 1971 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या साध्याशा जागेत ते एकटे राहिले. माणसाच्या उंचीचा कॅनव्हास घ्यायचा, रोलरनं रंगाचे थर चढवायचे, पात्यानं खरवडायचे, पुन्हा चढवायचे, असं त्यांचं काम. वर्षाकाठी हातावेगळी होणारी चित्रं मोजकीच. त्यात विचार जितका, तितकीच अंगमेहनतही.

1984 मध्ये त्यांना दिल्लीत अपघात झाला. शरीर असं खचलं की मोठा कॅनव्हास पेलणं काही वर्षं जमेना. तेव्हा त्यांनी लहान कागद घेतले आणि शाईनं रेखांकनं केली. मोजक्या खुणा, बाकी कागद मोकळा. या कामाला नाइलाजाची तडजोड समजू नये. पुष्कळ गाळून थोडंच ठेवायचं, ही त्यांची जन्मभराची शिस्त त्या कागदांवरही तशीच दिसते.

पुढे ते कॅनव्हासकडे परतले. 1995 मध्ये, म्हणजे अपघातानंतर अकरा वर्षांनी रंगवलेलं त्यांचं एक चित्र 2015 च्या मुंबईतल्या लिलावात 29 कोटींहून अधिक किमतीला गेलं. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. हे पाहायला गायतोंडे नव्हते; 2001 मध्येच ते गेले.

गायतोंडे यांना साधन बदलता आलं, कारण तोवर त्यांचा हात आणि नजर तयार होती. आपल्या दिव्यांग मुलांना ती तयारी करण्याची संधी तरी मिळते का? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारचं अपंगत्व मान्य करतो. पण चित्रकलेच्या तासाला मुलाच्या सोयीनं टेबल खाली-वर करायला, जाड दांड्याचा ब्रश द्यायला कायदा कशाला हवा?

पालकहो, शिक्षकहो, अशा मुलाला चित्रकलेच्या तासाला नुसतं बसवून ठेवू नका. त्याला झेपेल तो कागद आणि झेपेल ते साधन द्या. आणि यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचे अर्ज भराल, तेव्हा त्याचाही अर्ज भरा.