रक्ताच्या थेंबातील औषधाचा हिशेब



जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला, की घरची माणसे पुण्याची वा मुंबईची वाट धरतात. आरंभीचे कठोर उपचार तेथील रुग्णालयात होतात. त्यानंतर मात्र दीड-दोन वर्षे मूल बहुतांशी गावीच असते आणि रोज गोळी घेते. म्हणजे उपचाराचा सर्वांत दीर्घ भाग आहुपे वा आपटाळे येथील घरात पार पडतो.

ही गोळी मर्कॅप्टोप्युरीनची. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक लाभले. नवलाची गोष्ट अशी, की गिळली जाते तेव्हा तिच्यात औषधाचा गुण नसतोच. पेशींत शिरल्यावर तिच्यापासून थायोग्वानीन न्यूक्लिओटाइड हे द्रव्य तयार होते व ते रोगट पेशींची वाढ खुंटविते. तेच द्रव्य तांबड्या पेशींतही साठते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे रक्ताच्या अल्प नमुन्यावरून मागील कित्येक आठवड्यांचा हिशेब लागतो. गोळीपासून शरीरात मेथिलयुक्त असे दुसरेही द्रव्य बनते. दोन्ही द्रव्ये अत्यल्प आढळली, तर गोळ्या चुकल्याचा संशय येतो. पहिले कमी व दुसरे भरपूर असेल, तर त्या मुलाच्या शरीराची रीतच निराळी. पालकांस दोष देण्यापूर्वी हा भेद पाहणे न्यायाचे होय.

एकच मात्रा सर्वांस मानवत नाही. एनयूडीटी-१५ या जनुकातील फरकामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात, असे कोरियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले. युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत हा फरक अधिक आढळतो. तांबड्या पेशींच्या मोजणीत तो दिसेलच असे नाही. त्यासाठी जनुकाचीच तपासणी लागते.

अशा तपासण्या मोठ्या प्रयोगशाळांतच होतात. परंतु औषधाचा परिणाम मोजण्याचे नित्याचे साधन साधे आहे : पांढऱ्या पेशींची गणना. तीवरूनच डॉक्टर मात्रा वाढवितात वा घटवितात. ही गणना तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर झाली आणि तिचा आकडा उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला, तर अर्धे काम झाले असे समजावे.

उरलेले अर्धे घरचे. अमेरिकेतील २०१५ च्या एका अभ्यासात, ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. ९५ टक्के म्हणजे महिन्याकाठी जेमतेम दीड दिवसाची चूक! भातलावणीच्या दिवसांत वा जत्रेच्या गडबडीत एवढे सहज निसटते. शिक्षकांनी हजेरी घेताना एका शब्दाने चौकशी केली, तरी पुष्कळ साधते.

पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलास ताप आला, तर मात्र बाजाराच्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, त्यास मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात वा थेट पुण्यास न्यावे लागते. त्या वेळी वाहन कोणाचे मिळेल, हे पंचायतीने आधीच ठरवून ठेवावे.