रक्तातून हाडाला आधार

दाढ काढल्यावर तिथलं हाड झिजू लागतं आणि पहिल्या सहा महिन्यांतच त्याची रुंदी बरीच घटते. मग कृत्रिम दातासाठी इम्प्लांटचा स्क्रू बसवायला पुरेसं हाड उरत नाही. ही झीज कमी करायला रुग्णाचंच रक्त कामी येतं.

2001 साली फ्रान्समधल्या डॉ. जोसेफ शुक्रून यांनी पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) ही पद्धत मांडली. हातातून थोडं रक्त काढून ते लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवतात. मधल्या थरात प्लेटलेट्सनी भरलेली फायब्रिनची पिवळसर गाठ तयार होते. दाढेच्या खड्ड्यात ती ठेवली की वाढीला चालना देणारे घटक हळूहळू झिरपतात. त्यामुळे जखम लवकर भरते आणि हाडाची झीज कमी व्हायला मदत होते. हाड फार गेलं असेल, तर मात्र सोबत हाडाची भुकटीही लागते.

पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तिथल्या हिरड्यांच्या विभागात या उपचाराबद्दल सल्ला घेता येईल. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. जखम नीट भरावी म्हणून तंबाखू आणि मिश्री मात्र आजच सोडा.